दहापैकी सात

वॉशिंग मशीन दुरुस्त झालं आणि तिथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

मशीन बिघडलेलं होतं तोवर सरांच्या घरात तसं बरं चाललं होतं. कपडे धुवायचं, पण पिळायचं नाव काढायचं नाही आणि पाणी पोटात धरून बसायचं, एवढीच त्याची तक्रार. काकू ते पाणी मगानं उपसायच्या आणि सर बाथरूमच्या दारात उभे राहून, मग कसा तिरका धरला म्हणजे जास्त पाणी येईल ते सांगायचे. या कामात दोघांची चांगली लय बसली होती. पण एका सकाळी काकूंनी मग सरांच्या हातात दिला आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याच दिवशी सरांनी कंपनीला फोन केला.

सर म्हणजे निवृत्त शिक्षक. सगळी बिल्डिंग त्यांना सर म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. हे नातं कुठल्याच बाजूनं जुळत नाही, ही गोष्ट सरांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत एकदा लक्षात आणून दिली होती. सभेनं ती इतिवृत्तात नोंदवून घेतली आणि काकूंना काकूच म्हणणं चालू ठेवलं.

सरांनी जन्मभर भाषा शिकवली आणि उत्तरपत्रिका तपासल्या. निवृत्तीनंतर उत्तरपत्रिका यायच्या बंद झाल्या, पण लाल पेन काही खिशातून गेलं नाही. रोजचा पेपर ते त्या पेनानं तपासायचे आणि अग्रलेखाला गुण द्यायचे. पैकीच्या पैकी गुण त्यांनी आजवर कुणालाही दिले नव्हते. त्यामागे विचार होता. दहा दिले की मुलगा वाचायचं सोडतो, नऊ दिले की त्याची आई जिन्यात लोकांना अडवून सांगत सुटते, आठ दिले की क्लासवाले त्याचा फोटो लावतात. सात दिले की माणूस माणसांत राहतो. सरांच्या हातचे सात मिळालेली मुलं पुढं मोठमोठ्या हुद्द्यांवर गेली आणि सरांना रस्त्यात बघून दुसऱ्या बाजूनं जाऊ लागली.

घरातही मूल्यमापनाची पद्धत हीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काकूंच्या चहाला सरांनी 'बरा आहे' याच्या वर कधी काही दिलं नव्हतं.

तर मेकॅनिक आला. आला तो उशिरा, कारण लिफ्ट बंद होती आणि त्याच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी होती. आल्यापासून त्याचं तोंड चालू. मशीनशी बोलत होता, स्क्रूशी बोलत होता, मधूनच काकूंना नळाला जाळी कुठली लावावी ते सांगत होता. "काकू, पाणी दिसायला गंगेसारखं, पण आत येऊन बघा, नुसता गाळ!" हे सगळं ओल्या फरशीवर गुडघे टेकून. मग त्यानं मशीनच्या खालच्या झाकणातून हात घातला, बराच वेळ चाचपलं आणि एक लाल टोपण बाहेर काढलं.

"हे कुणाचं हो, काका?"

सरांच्या खिशातलं पेन गेले काही दिवस बिनटोपणाचं होतं. सर म्हणाले, "नातवाचं असेल." नातू परदेशात होता आणि दोन वर्षांत आला नव्हता. काकूंनी छताकडे पाहिलं. मेकॅनिक मात्र शहाणा माणूस. "मुलं काय, कुठं काय टाकतील नेम नाही," असं म्हणून त्यानं टोपण पुसून सरांच्या हातात दिलं. मशीन चालू केलं, त्यानं घटाघटा पाणी सोडलं, आणि नवा पार्ट लागलाच नाही म्हणून त्याचे पैसेही लावले नाहीत. सरांच्या मनात आठ आले होते. हा आकडा त्यांच्या मनात आला, हीच मोठी गोष्ट होती.

पण जाता जाता चप्पल घालताना तो म्हणाला, "काका, कंपनीचा मेसेज येईल. तेवढं दहा टाका हं."

सरांचा चेहरा बदलला. गुण मागणं! पूर्वी एक पालक मुलाचा परीक्षा क्रमांक चिठ्ठीवर लिहून घरी आले होते. सरांनी त्यांना चहा पाजला, चिठ्ठीतल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि वाटेला लावलं. तेच तत्त्व इथं. काम आठाचं होतं, मागितले म्हणून एक कापला. राहिले सात.

मेसेज आला. सरांनी चष्मा पुसला, लाल पेन हाताशी घेतलं, मग फोनवर पेन चालत नाही हे आठवून ते खाली ठेवलं आणि प्रश्नपत्रिका उघडली. प्रश्नपत्रिका म्हणून ती टाकाऊच होती. पहिलाच प्रश्न: 'आमच्या सेवेने आपण किती भारावून गेलात?' उत्तरं तीन. पूर्णपणे, खूपच आणि बऱ्यापैकी. जो मुळात भारावलाच नाही त्यानं काय करायचं, याची सोय नव्हती. पुढचा प्रश्न: 'मेकॅनिक वेळेवर आला व नम्रपणे वागला का? हो किंवा नाही.' नम्रपणे वागला होता, वेळेवर आला नव्हता. एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबणाऱ्याला सरांनी मास्तरकीच्या पहिल्याच वर्षी घरी पाठवलं असतं. अर्धं उत्तर बरोबर म्हणजे पूर्ण उत्तर चूक, या नियमानं त्यांनी 'नाही'वर बोट ठेवलं.

'मागील दुरुस्तीच्या तुलनेत ही दुरुस्ती कशी वाटली?' मागे दुरुस्ती झालीच नव्हती. पण रिकामं सोडलं की फोन लाल अक्षरांत दम द्यायचा, तेव्हा सरांनी 'तशीच' असं लिहिलं. मग आला तो प्रश्न: 'आमच्या कंपनीची शिफारस आपण मित्र व नातेवाईक यांना किती प्रमाणात कराल? शून्य ते दहा.' सरांनी याचा मनापासून विचार केला. मित्र एकच उरला होता आणि तो कपडे लाँड्रीत द्यायचा. नातेवाईक भेटायचे ते कुणी गेल्यावरच, आणि अशा वेळी वॉशिंग मशीनचा विषय काढणं बरं दिसलं नसतं. त्यांनी शून्य लिहिलं. उत्तर प्रामाणिक होतं आणि प्रामाणिकपणालाच तर गुण असतात, अशी त्यांची अजून समजूत होती.

मेकॅनिकचे गुण: सात. शेवटी 'आपले मत' अशी एक चौकट होती. तिथं मात्र सरांनी मन मोकळं केलं. 'या कारागिराच्या कामात दोष शोधू म्हटले तरी सापडणार नाही' इथपासून सुरू करून चांगलं लांबलचक कौतुक लिहिलं. चौकटीत किती अक्षरं मावतात हे कुणी सांगितलं नव्हतं. बटण दाबलं, फोननं धन्यवाद दिले आणि सर एका कारागिराचं भलं केल्याच्या समाधानात आडवे झाले.

आठवडाही झाला नसेल, मेकॅनिक पुन्हा दारात. या वेळी त्याच्या तोंडाची टकळी बंद होती, त्यामुळे काकूंनी त्याला आधी ओळखलंच नाही.

"काका, माझं काय चुकलं तेवढं सांगा."

"चुकलं? अरे, सात दिलेत मी तुला! सात! माझ्या हातचे सात मिळालेली मुलं आज कुठं—"

"काका, नऊ आणि दहा म्हणजे पास. सात-आठ म्हणजे 'उदासीन ग्राहक'. त्याच्या खाली सगळे 'नाराज'. आणि शिफारशीला तुम्ही शून्य दिलंय."

"मग एक ते आठ हे आकडे ठेवलेत कशाला?"

"शोभेला," मेकॅनिक म्हणाला. "आणि वर लिहिलंय पण. साहेबानं मोठ्यानं वाचून दाखवलं सगळ्यांपुढं. 'या कारागिराच्या कामात दोष.' बस, एवढंच."

सर उठून उभे राहिले. "पुढं होतं! पुढं सगळं कौतुक होतं!"

"पुढचं मशीननं खाल्लं असेल, काका."

काकूंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि मग सगळं हळूहळू बाहेर आलं. त्याचा करार महिनाअखेर संपत होता. सरासरी नऊच्या खाली गेली की कॉम्प्युटर आपोआप नाव काढून टाकायचा.

"पण बाकीच्यांनी चांगले दिले असतील की," सर म्हणाले.

"बाकीचे भरतात कुठं? मशीन चालू झालं की लोक कपडे धुवायला लागतात. चिडलेला माणूस तेवढा हातातलं काम टाकून फॉर्म भरतो. एकानं बिल जास्त आलं म्हणून दोन दिले. बिल काय मी छापतो? आणि एका आजीनं गालावरून हात फिरवला, 'एक नंबर काम केलंस रे बाळा' म्हणाली, आणि दिला एक."

"तुझ्या साहेबाला तुझं काम माहीत नाही?"

"साहेबाला माझा आकडा माहितीय."

तो गेल्यावर काकू स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज तेवढा नेहमीपेक्षा मोठा येत होता. मग त्या बाहेर आल्या. "माणूस तासभर ओल्यात गुडघ्यावर बसला होता. टोपण तुमचं होतं. त्यानं चार लोकांत तुमची लाज राखली आणि तुम्ही त्याला सात दिलेत."

"चार लोक कुठले? आपण तिघंच होतो," सर म्हणाले, पण त्यात दम नव्हता. रात्री जेवताना त्यांना घास गोड लागला नाही. आपल्यामुळे कुणी नापास व्हावं याचं त्यांना वाईट वाटत नसे, त्यांनी पुष्कळ नापास केले होते. पण पास झालेला माणूस आपल्या सहीनं नापास झाला, हे त्यांना सोसवेना.

पुनर्तपासणी! गुण बदलण्याचा हा राजमार्ग सरांना तोंडपाठ होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा, मग पुष्कळ संगीत, आणि शेवटी एक गोड आवाज आला.

"मला एका उमेदवाराचे गुण वाढवून द्यायचे आहेत," सर म्हणाले.

गोड आवाजानं दिलगिरी व्यक्त केली. दिलेला अभिप्राय बदलता येत नाही, कारण तो कंपनीसाठी अत्यंत मोलाचा आहे.

"अहो, पण तो चुकीचा आहे!"

"हो सर. तरीही मोलाचा आहे."

सरांनी तिला भाषेच्या पेपरातलं सातचं स्थान समजावून सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि पुन्हा दिलगिरी व्यक्त केली. मुलगी खरोखर सोशिक होती. फोन संपला आणि लगेच यांत्रिक आवाज म्हणाला, 'आमच्या प्रतिनिधीला एक ते पाच या दरम्यान गुण द्या.' सर भारावलेले नसले तरी समाधानी होते. सवयीनं त्यांचं बोट सातवर गेलं. आवाज म्हणाला, 'अवैध पर्याय.' सरांनी पुन्हा सात दाबले, जरा जोरात. आवाज म्हणाला, 'आपण असमाधानी असल्याची नोंद घेतली आहे,' आणि फोन ठेवला.

इथं खालच्या मजल्यावरचे चेअरमन या कथेत येतात. कुणी बोलावलं म्हणून येण्याची त्यांची पद्धत नव्हती. सोसायटीचे चेअरमन असल्यामुळे तळमजल्याच्या पायरीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत प्रत्येक वस्तूवर त्यांचं मत होतं, आणि ते फुकट मिळत असे. सगळी हकीकत त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"सर, पेपर तपासून झाला की गुण बदलत नाहीत. मग पोरं काय करतात?"

"काय करतात?"

"परत परीक्षेला बसतात! मशीन पुन्हा बिघडवा. नवीन तक्रार, नवीन मेसेज, टाका दहा. दोन्हीची सरासरी... नाही, साडेआठच होते. पण शिफारशीला पण दहा टाका. वर चांगले चार शब्द. होतंय!"

"मुद्दाम मशीन बिघडवायचं?" सरांना हा विचार पटण्यासारखा नव्हता. म्हणून तो त्यांनी दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी काकू भाजी आणायला गेल्या तेव्हा सर बाथरूममध्ये गेले, आत कुणी नाही हे पाहूनही एकदा मागं वळून बघितलं आणि लाल टोपण मशीनमध्ये टाकलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी परीक्षेत गैरप्रकार केला होता. आणि खरं सांगायचं तर त्यांना जरा बरंही वाटत होतं.

मशीननं परंपरेला जागून पाणी धरलं. सरांनी तक्रार नोंदवली. कंपनीनं तत्परतेनं माणूस पाठवला. पण तो तो नव्हता! एकदा उदासीन आणि एकदा असमाधानी म्हणून नोंद झालेल्या ग्राहकाकडे जुना मेकॅनिक पाठवायचा नाही, असा कंपनीचा नियम होता. ग्राहकाच्या समाधानासाठी.

हा दुसरा गोरागोमटा, इस्त्रीच्या कपड्यातला आणि सतत हसरा. पिशवी लहान, हसू मोठं. त्यानं काकूंना वाकून नमस्कार केला, सरांच्या घराची हवा कशी छान खेळती आहे ते सांगितलं आणि मशीनकडे न बघता फोन मागितला.

"सर, आधी मेसेजचं करून टाकू. नंतर नेटवर्क जातं."

"काम पाहिल्याशिवाय मी गुण देत नाही," सर बाणेदारपणे म्हणाले आणि चष्मा शोधायला आत गेले. बाणेदारपणाला चष्म्याची काय गरज होती देव जाणे. फोन टेबलावर राहिला. सर परत आले तोवर हसऱ्यानं त्यांच्या वतीनं स्वतःला सगळीकडे दहा देऊन टाकले होते.

"झालं सर! तुम्हाला त्रास नको म्हणून मीच केलं."

मग त्यानं मशीन उघडलं, आत डोकावून "अरेरे" म्हणाला, मागचा पाइप काढून बाजूला ठेवला, मोटर मागवावी लागेल असं सांगितलं आणि हसत हसत निघून गेला. टोपण होतं तिथंच राहिलं. संध्याकाळी काकूंनी मशीनमागचा नळ सोडला. पाइप जागेवर नाही हे हसरा सांगायला विसरला होता. काकूंच्या लक्षात आलं तोवर पाणी पुष्कळ पुढं गेलं होतं, म्हणजे खाली गेलं होतं, आणि खाली चेअरमन नव्या सोफ्यावर बसून बातम्या बघत होते. सल्ला इतक्या लवकर सल्लागाराकडे परत जाताना सहसा दिसत नाही.

चेअरमन वर येऊन जे बोलले ते इतिवृत्तात घेण्याजोगं नव्हतं. ते बोलत असतानाच फोन वाजला. मेकॅनिक होता. पहिला.

"काका, पुन्हा तक्रार केलीत? तेच मशीन महिन्याच्या आत परत बिघडलं की पहिल्याचं काम कच्चं धरतात. मला उद्यापासून घरी बसायला सांगितलंय."

सरांच्या पायाखाली तसंही पाणी होतंच. "अरे, टोपण... टोपण मीच टाकलं," ते म्हणाले.

"कशासाठी, काका?"

"तुला दहा देता यावेत म्हणून."

मग मेकॅनिक अगदी हळू म्हणाला, "तुम्ही सातच बरे होता, काका," आणि त्यानं फोन ठेवला. सर ओल्या फरशीवर स्टूल टाकून बसले. त्यांना फार फार लाज वाटली. काकू ते पाहून फडक्यानं पाणी टिपत राहिल्या.

दोन दिवसांनी घंटी वाजली. दारात फुलांचा गुच्छ आणि त्यामागे एक टाय बांधलेला माणूस. कंपनीचा समाधान अधिकारी. असं पद असतं आणि त्याला पगार असतो, हे सरांना त्या दिवशी कळलं.

"अभिनंदन सर! आपण सातवरून थेट दहावर आलात. सगळ्या विभागात इतकी सुधारणा कुणाची नाही. आपला फोटो आम्ही ऑफिसात लावणार. आपण आणि आपलं मशीन!"

"मशीन बघायचंय तुम्हाला?" काकूंनी विचारलं आणि त्याला बाथरूममध्ये नेलं. मशीन भिंतीपासून लांब, पोट उघडं टाकून उभं होतं, पाइप बादलीत आणि कपडे टबात. अधिकाऱ्यानं सगळ्या कोनांतून पाहिलं आणि म्हणाला, "फोटो हॉलमध्येच घेऊ."

सरांनी त्याला बसवलं आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. टोपणासकट. नातवाला त्यातून त्यांनी सोडवलं. "पहिल्या मुलाचं काम उत्तम होतं. सात हे माझे फार वरचे गुण आहेत. मी मुळात कडक परीक्षक आहे."

अधिकाऱ्यानं टॅबलेट चाळला. "पण दुसऱ्याला आपण सगळीकडे दहा दिलेत. कडक परीक्षक असं करेल का, सर? उलट आमचा निष्कर्ष असा आहे की पहिल्याला काढलं, म्हणूनच आपण खुश झालात."

"ते दहा मी दिलेच नाहीत! त्यानं स्वतः दाबले!"

"तसा कॉलम नाही, सर."

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी सरांकडे. आयुष्यभर ज्या तत्त्वावर आपण उभे होतो त्याला मांडायला जगात कॉलमच नाही, हे सरांना आता पुरतं समजलं. अधिकारी उठला, गुच्छ टेबलावर नीट ठेवला आणि दाराशी जाऊन जरा घुटमळला.

"आणि सर, माझ्या भेटीचाही एक मेसेज येईल आपल्याला. तेवढं दहा टाका. आमचंही वर्षअखेर बघतात हो."

बूट घालता घालता तेच वाक्य. पण या वेळी सरांचा चेहरा वेगळाच झाला. पालकाला चिठ्ठीसकट परत पाठवणारे सर सावकाश खुर्चीत टेकले, पायावर पाय टाकला आणि म्हणाले, "असं? दहा हवेत तुम्हाला?"

"मिळाले तर बरं..."

"मी सहसा सात देतो. तुमच्या या गुच्छात दोन फुलं शिळी आहेत, म्हणजे सहा. मग तुम्ही 'नाराज'मध्ये जाल, नाही का?"

अधिकारी परत आत आला आणि बसला. पुढचा सौदा काकू स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होत्या. मुलगा कामावर परत आला तर अधिकाऱ्याला दहा, शिफारशीला दहा, वर मत. नाही आला तर सरांकडे लाल पेन होतंच. अधिकाऱ्यानं कपाळ पुसलं. मग टॅबलेटवर कुठंतरी आत, आणखी आत गेला, आणि म्हणाला, "तसा 'ग्राहकाच्या गैरसमजातून दिलेला गुण' असा एक कॉलम आहे. आम्ही सहसा दाखवत नाही."

त्यानं तिथं खूण केली. सात गेले, पुन्हा बिघाडाची नोंद गेली आणि मेकॅनिक एका बोटासरशी कामावर आला. मग त्यानं स्वतःचा मेसेज सरांपुढं धरला. सरांनी बोट उचललं. 'आपले मशीन आता उत्तम चालते का?' दहा. 'आमच्या सेवेने आपले जीवन सुकर झाले का?' दहा. खालून चेअरमनचा माणूस छताचे पोपडे काढत होता, त्याचा ठकठक आवाज वर येत होता. 'आपण आमची शिफारस कराल का?' दहा. मशीन ठणठणीत होतं तेव्हा कंपनी सातावर होती. आता बाथरूममध्ये त्याची आतडी बाहेर आली होती आणि कंपनी पैकीच्या पैकी पास झाली. अधिकाऱ्यानं फोटो घेतला. त्यात सर गुच्छ धरून उभे आहेत आणि बघणाऱ्याला ते फार भारावलेले वाटतात.

रविवारी सुट्टीच्या दिवशी मेकॅनिक स्वतःहून आला. कंपनीतून नाही, असाच. तोंड पूर्वीसारखं चालू. टोपण काढलं, पाइप बसवला, मशीनला शिव्या घातल्या, सरांना नाही. काकूंच्या जिवात जीव आला. मशीननं घटाघटा पाणी सोडलं आणि तिघं टेबलाशी चहाला बसले.

"हे बघ," सर म्हणाले, घसा साफ करून. "काम पैकीच्या पैकी."

"आता कुठं टाकाल हे, काका? मेसेजच नाही आला," मेकॅनिक हसला. पण कान लाल झाले होते त्याचे.

सरांनी चहाचा घोट घेतला. आता सुरुवात झालीच आहे तर घरातलीही थकबाकी फेडून टाकावी असं त्यांच्या मनात आलं. "आणि चहा," ते काकूंना म्हणाले, "चहा दहा."

काकूंनी स्वतःच्या कपातला एक घोट घेतला. कप खाली ठेवला.

"साखर घालायला विसरलेय मी."

मेकॅनिकनं आपल्या कपात बघायला सुरुवात केली. तो मघापासून कसा पीत होता कोण जाणे. सर काहीतरी म्हणणार होते, पण काकूंचं संपलं नव्हतं.

"इतकी वर्षं तुम्ही 'बरा आहे' म्हणायचात ना, तेव्हा मला कळायचं, चहा खरंच बरा झालाय. माझा दिवस चांगला जायचा. आता तुम्ही त्या टायवाल्यालाही दहा दिलेत, त्या मोडक्या मशीनलाही दहा दिलेत आणि मलाही दहा. मी काय करू त्या दहाचं?"

सरांनी कप पुन्हा उचलला, चष्मा नीट केला, एक घोट तोंडात घोळवला आणि उत्तरपत्रिका मिटताना घ्यायचे तेवढा वेळ घेतला.

"साडेचार," ते म्हणाले. "आलं जमलंय. पण साखर नाही."

"हां," काकू म्हणाल्या आणि कप गोळा करून आत गेल्या. जाताना त्या गुणगुणत होत्या.